भांडी धुणारा कामगार हवा आहे? मुंबईतील उपाहारगृहचालकांसाठी जाहिरात लिहिण्याची सविस्तर पद्धत

दादरपासून अंधेरीपर्यंत कोणत्याही रस्त्याने संध्याकाळी चालत गेल्यास दोन-चार उपाहारगृहांच्या काचेवर 'भांडीवाला पाहिजे' असा कागद हमखास दिसतो आणि दोन महिन्यांनी त्याच रस्त्याने गेल्यास तोच कागद, कडा पिवळ्या पडलेल्या अवस्थेत, तेथेच असतो. माणसे येतात, तीन-चार दिवस काम करतात आणि एका सकाळी फोन उचलणे बंद करतात. काही वर्षे स्वयंपाकघर सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यांपैकी फार थोडे जण कामाच्या कष्टाला कंटाळून जातात. खरकट्यात हात घालावा लागणार हे त्यांना ठाऊकच असते. 'अकराला बंद' म्हणजे प्रत्यक्षात साडेबाराला मोरी कोरडी होणार, सांगितलेल्या पगारातून जेवणाचे पैसे कापले जाणार आणि साप्ताहिक सुट्टीचा विषय निघाला की 'बघू' असे उत्तर मिळणार, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. कामगाराला पहिल्या आठवड्यात जे स्वतःहून कळणार आहे, ते सर्व जाहिरातीतच लिहावे, एवढ्या एका सूत्रावर पुढील सर्व सूचना आधारलेल्या आहेत.

आधी एक पूर्ण पाळी मोरीपाशी उभे राहावे

जाहिरात टेबलावर बसून लिहू नये. शुक्रवारची किंवा शनिवारची रात्रपाळी निवडून मालकाने किंवा व्यवस्थापकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोरीपाशी उभे राहावे आणि दिसेल ते वहीत टिपावे. ताटे, वाट्या, पेले किती येतात. टोप, कढया आणि हंड्या किती येतात. त्यांपैकी एकट्याने न उचलता येणारे किती. जळलेला तळ खरवडायला किती वेळ जातो. गरम पाणी नळाला येते की गॅसवर तापवून आणावे लागते. जमीन कितपत निसरडी होते. ओल्या कचऱ्याचे पिंप कोण आणि कोठवर वाहून नेतो. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातील तेलकट चरबी अडवणारी पेटी, कोण साफ करतो, या सर्वांची नोंद करावी. ज्या स्वयंपाकघरात यंत्र आहे तेथील काम वेगळे असते. यंत्रातील शेवटच्या धुण्याचे पाणी साधारण ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते, त्यामुळे दार उघडल्यावर येणारी वाफ आणि गरम भांडी हाताळणे हा तेथील मुख्य त्रास असतो. हाताने धुण्याच्या पद्धतीत साबणाचे, स्वच्छ पाण्याचे आणि निर्जंतुकीकरणाचे असे तीन टब असतात. तेथे त्रास असतो तो सतत ओल्या राहणाऱ्या हातांचा, कमरेचा आणि पायांचा. आपल्याकडे यांपैकी कोणती पद्धत आहे, हे जाहिरातीत एका वाक्यात यायला हवे.

या नोंदींमधून अनेकदा एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. दिवसभरासाठी दुसरा माणूस हवा आहे असे वाटत असते. प्रत्यक्षात गर्दी रात्री आठ ते अकरा या तीनच तासांत असते आणि उरलेल्या वेळेचे काम सध्याचा माणूस सहज उरकतो. अशा वेळी पूर्णवेळ जागेची जाहिरात देऊन दुपारी त्या माणसाला कांदे सोलायला बसवण्यापेक्षा अर्धवेळ कामाची जाहिरात द्यावी. जवळच राहणारे आणि दिवसा दुसरीकडे काम करणारे लोक अशा जागेसाठी आनंदाने येतात.

कामाचे नाव

'भांडीवाला' हा शब्द आपल्या व्यवसायात सर्रास वापरला जातो. तरीही छापील जाहिरातीत तो नसावा असे मला वाटते, कारण माणसाला त्याच्या कामाचे नाव सन्मानाने घेतलेले कळते. दुसऱ्या टोकाला, 'किचन हेल्पर' असे मोघम नाव दिले की अर्ज करणाऱ्याला वाटते, आपण आचाऱ्याच्या हाताखाली शिकणार. आणि त्याला मोरीवर उभे केले की तो दुसऱ्याच दिवशी निघून जातो. पंचतारांकित हॉटेलांत या विभागाला 'किचन स्टुअर्डिंग' म्हणतात, परंतु साध्या उपाहारगृहाने ते नाव उसने घेऊ नये. 'भांडी धुणे व स्वयंपाकघर स्वच्छता कामगार' असे स्पष्ट लिहावे आणि मोबाइल अॅपवर शोधणाऱ्यांसाठी सोबत 'डिशवॉशर' हा शब्द जोडावा.

'मुलगा पाहिजे' हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे आणि उपाहारगृहांत कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती बंदी सर्वच व्यवसायांना लागू झाली. रात्रीच्या पाळीचे, उकळत्या पाण्याचे आणि जड टोपांचे हे काम असल्यामुळे वयाची अट '१८ वर्षे पूर्ण' अशीच ठेवावी आणि ती अंकांत लिहावी. शिवाय 'मुलगा' म्हटल्यामुळे स्त्रिया आपोआप वगळल्या जातात, आणि या शहरात भांडी घासण्याचा सर्वाधिक अनुभव कोणाकडे आहे हे वेगळे सांगायला नको. सकाळच्या पाळीसाठी आलेल्या बायकांनी आमच्या मोरीची जी शिस्त लावली, ती त्याआधी कधीच नव्हती.

वेळ: येथे सर्वांत अधिक काळजी घ्यावी

मुंबईत कामाची वेळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळेत ज्याची गाडी चुकते, त्याला फलाटावर बसून राहावे लागते. भांडी धुणारा माणूस सर्वांत शेवटी निघतो. शेवटचे गिऱ्हाईक उठते, आचारी टोप रिकामे करून मोरीकडे सरकवतात, आणि ज्या वेळी बाकीचे कपडे बदलत असतात त्या वेळी याचे सर्वांत जड काम सुरू होते. तो नालासोपाऱ्याला, कल्याणला किंवा मानखुर्दला राहत असेल तर बाराला सुटणे आणि साडेबाराला सुटणे यांतील अंतर अर्ध्या तासाचे राहत नाही; दुसऱ्या दिवशी तो कामावर येणार की नाही, हे त्यावर ठरते.

म्हणून जाहिरातीत उपाहारगृह बंद होण्याची वेळ न लिहिता कामगार दाराबाहेर पडतो ती वेळ लिहावी. ती कळण्यासाठी दोन आठवडे रोज रात्री मोरी कोरडी झाल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपावी आणि सरासरी न काढता त्यांतील उशिराची वेळ धरावी. त्याहून उशीर झाल्यास काय, हेही लिहावे. उपनगरात रिक्षा मिळते. दादरला किंवा गिरगावात रिक्षा चालत नाही, टॅक्सीच करावी लागते आणि तिचे भाडे एका दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. 'उशीर झाल्यास प्रवासखर्च आम्ही देऊ' एवढे वाक्य आमच्या जाहिरातीत घातल्यानंतर फोन करणाऱ्या अनेकांनी सर्वांत आधी त्याचीच खात्री करून घेतली.

दुपारी चार ते सात मोकळीक देऊन पुन्हा रात्री बोलावण्याची जी पद्धत आहे, जिला आपण ब्रेक शिफ्ट म्हणतो, ती असल्यास लपवू नये. विरारहून आलेला माणूस त्या तीन तासांत घरी जाऊन परत येऊ शकत नाही. त्याने कोठे बसावे, पंखा आणि पाठ टेकायला जागा आहे का, हे लिहावे. येथे कायद्याचेही भान ठेवावे लागते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या मूळ कायद्यात दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि कामावर येण्यापासून सुटण्यापर्यंतचा एकूण पसारा सर्वसाधारणपणे साडेदहा तास अशा मर्यादा होत्या. जादा कामासाठी दुप्पट दराची तरतूद होती. या मर्यादांमध्ये आणि कायदा किती कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो यामध्ये दुरुस्त्या होत असतात, म्हणून जाहिरात छापण्याच्या आठवड्यातच आपल्या लेखापालाकडून किंवा कामगार सल्लागाराकडून चालू नियम पाहून घ्यावा. सकाळी अकरा ते रात्री साडेबारा अशी वेळ जाहिरातीत छापणे म्हणजे नियमभंगाचा पुरावा स्वतःच्याच काचेवर लावण्यासारखे आहे. ती वेळ खरी असेल तर जाहिरात बदलून भागणार नाही, पाळ्या बदलाव्या लागतील.

त्याच कायद्यात स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर काम देण्यासाठी त्यांची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन यांची अट आहे. ही व्यवस्था करणे शक्य नसेल तर सकाळची पाळी वेगळी काढून ती ठळकपणे लिहावी.

साप्ताहिक सुट्टीचा वार लिहावा. 'आठवड्यातून एक सुट्टी' हे शब्द अपुरे आहेत, कारण घरी मुलांच्या शाळेचे किंवा गावी फोन करण्याचे ज्याला ठरवायचे असते त्याला मंगळवार की बुधवार हे आधी कळावे लागते.

पगार: हातात किती, हे मांडून दाखवावे

'पगार योग्यतेनुसार' हे शब्द या कामाच्या जाहिरातीत निरुपयोगी आहेत. वाचणारा माणूस दोन आकडे शोधत असतो, पगार किती आणि तो कधी मिळणार. रक्कम ठरवण्यापूर्वी हॉटेल व उपाहारगृह उद्योगासाठी राज्याने ठरवलेले किमान वेतन पाहावे. ते परिमंडळानुसार, म्हणजे राज्याने पाडलेल्या भागांनुसार, वेगळे असते आणि त्यातील महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. गेल्या वर्षीची जाहिरात उचलून जशीच्या तशी लावणारे येथेच चुकतात.

त्यानंतर कपातींचा हिशेब करावा. उदाहरणादाखल एकूण पगार १८,००० रुपये आणि त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरू. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होऊन पुरुष कामगाराच्या हातात १५,८६५ रुपये येतात. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे तिच्या हातात १६,०६५ रुपये येतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जातो. पहिल्याच फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, असे विचारायला माणूस येतो, तेव्हा हे आधी सांगितलेले बरे.

जाहिरातीत दोन्ही आकडे द्यावेत. केवळ १८,००० लिहिले तर पहिल्या पगाराच्या दिवशी फसवल्याची भावना होते, आणि केवळ १५,८६५ लिहिले तर शेजारचा कपात न करता रोख १६,००० देणारा मालक उदार वाटू लागतो. प्रत्यक्षात निधीत मालकाचा तेवढाच वाटा जमा होत असतो आणि विम्यामुळे २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. मोरीवर काचेचा पेला फुटून हात कापणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे विम्याचे महत्त्व एका ओळीत, साध्या शब्दांत सांगावे. विमा साधारणपणे १० आणि निधी २० कामगारांपासून लागू होतो, म्हणून आपल्याला जे लागू आहे तेवढेच लिहावे.

पगाराची तारीख लिहावी, आणि ती ७ तारखेच्या आतली असावी. पहिल्या महिन्यात उचल मिळेल का, टिपमध्ये मोरीवरच्या माणसाचा वाटा आहे का, फुटलेल्या भांड्यांचे पैसे कापता का, हे प्रश्न फोनवर हटकून येतात. टिपमधील वाटा द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्वच्छ ताट वाढणाऱ्याच्या हातात कोणीतरी दिलेले असते. फुटीचे पैसे कापू नयेत. ते कापले जातात हे कळले की तडे गेलेले पेले लपवून परत रॅकवर ठेवले जातात आणि मग ते गिऱ्हाइकाच्या ओठाला लागतात.

जेवण आणि राहणे

दोन वेळचे जेवण व चहा मोफत असेल तर तसे लिहावे, आणि ते ताजे असते की उरलेले, हेही मनाशी तपासावे. राहण्याची सोय लिहिताना तर एकही शब्द सैल ठेवू नये. 'राहण्याची सोय' म्हणजे टेबले बाजूला सारून जमिनीवर झोपणे असेल तर ती सोय नव्हे. खोली असल्यास ती कोठे आहे, किती जण राहतात, पाणी किती वेळ येते आणि पगारातून काही कापले जाते का, हे लिहावे. गावाहून येणाऱ्या माणसासाठी हीच ओळ पगाराच्या ओळीइतकी महत्त्वाची असते.

अटी थोड्या ठेवाव्यात

'दोन वर्षांचा अनुभव', 'दहावी पास', 'इंग्रजी आवश्यक' अशा अटी दुसऱ्या जाहिरातींवरून उतरवलेल्या असतात. हे काम समजूतदार माणसाला तीन-चार दिवसांत शिकवता येते. खऱ्या अटी मोजक्याच आहेत: वय १८ पूर्ण असणे, बराच वेळ उभे राहता येणे आणि ठरलेल्या वेळेवर येणे. अन्न हाताळणाऱ्या आस्थापनेतील कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस अन्नसुरक्षा नियमांनुसार आवश्यक आहे. तिचा खर्च आपण करावा आणि तसे लिहावे. गमबूट, रबरी हातमोजे आणि एप्रन आपण देतो, हेही सांगावे. साबणाने आणि निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाने बोटांची सालपटे निघतात, ही या कामातील सर्वांत जुनी तक्रार आहे.

नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांचा या शहरात सुळसुळाट असल्यामुळे 'कोणतेही शुल्क किंवा डिपॉझिट घेतले जात नाही, मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जात नाहीत' हे वाक्य शेवटी अवश्य असावे, आणि ते पाळावे.

नमुना

दादर पश्चिमेतील एका मध्यम आकाराच्या उपाहारगृहासाठी पूर्ण जाहिरात अशी लिहिता येईल:

'भांडी धुणे व स्वयंपाकघर स्वच्छता कामगार (डिशवॉशर) पाहिजेत. दोन जागा. स्त्री किंवा पुरुष, वय १८ पूर्ण. दादर स्थानकापासून चालत सात मिनिटे.
काम: ताटे, पेले, टोप व कढया हाताने धुणे (गरम पाणी नळाला आहे), मोरी व जमीन साफ करणे, रात्री कचऱ्याची पिंपे खाली नेणे. मोठे टोप दोघांनी उचलायचे आहेत. भाजी चिरणे, टेबल पुसणे ही कामे नाहीत.
पहिली पाळी सकाळी ८ ते दुपारी ४:३०. दुसरी पाळी दुपारी ३ ते रात्री ११:३० (या पाळीत स्त्रियांना घराच्या दारापर्यंत वाहन). दोन्ही पाळ्यांत अर्धा तास जेवणाची सुट्टी. ११:३० ही दाराबाहेर पडण्याची वेळ आहे. उशीर झाल्यास जादा कामाचे दुप्पट पैसे आणि घरी जाण्याचा खर्च मिळेल.
साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी, वार आधी ठरवून.
पगार १८,००० रुपये. निधी, विमा व कर वजा जाता हातात सुमारे १५,८६५ रुपये (स्त्रियांना १६,०६५), दर महिन्याच्या ५ तारखेला बँक खात्यात. टिपमध्ये समान वाटा. दोन वेळचे जेवण व चहा मोफत. राहण्याची सोय नाही.
अनुभव नसला तरी चालेल, शिकवू. गमबूट, हातमोजे, एप्रन आणि वैद्यकीय तपासणी आमच्याकडून. कोणतेही शुल्क किंवा डिपॉझिट नाही. मूळ कागदपत्रे ठेवून घेत नाही.
दुपारी ४ ते ६ या वेळेत फोन करा किंवा थेट या.'

यात 'राहण्याची सोय नाही' आणि 'ही कामे नाहीत' ही दोन नकारार्थी वाक्ये मुद्दाम ठेवली आहेत. जे नाही ते स्पष्ट सांगितल्याने व्यर्थ फोन कमी होतात आणि जे आहे त्यावर विश्वास बसतो.

ती पोहोचवावी कशी

ज्यांच्यासाठी जाहिरात आहे त्यांतील अनेकांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, काहींना कोणतीच लिपी सराईतपणे वाचता येत नाही. म्हणून मराठी कागदाखाली हिंदी मजकूर द्यावा आणि हीच माहिती एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशात बोलून व्हॉट्सअॅपवर पाठवावी. आपल्याकडे आधीपासून काम करणारा नेपाळी, बंगाली किंवा ओडिया बोलणारा सहकारी असेल तर त्याला त्याच्या भाषेत तो संदेश बोलायला सांगावे. आमच्याकडे सर्वांत टिकाऊ माणसे अशाच संदेशातून आली, कारण बोलणारा स्वतः त्या स्वयंपाकघरात काम करत होता आणि ऐकणाऱ्याला तो ओळखीचा होता. माणूस आणून देणाऱ्या सहकाऱ्याला बक्षीस द्यायचे असल्यास ते नवा माणूस दोन महिने टिकल्यावर द्यावे.

'अपना' किंवा 'वर्कइंडिया' यांसारख्या अॅपवर आणि राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर जाहिरात देताना ठिकाण म्हणून केवळ 'मुंबई' न निवडता स्थानकाचे नाव द्यावे. मोरीचा खरा, स्वच्छ केलेला फोटो जोडावा. रस्त्यावरच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर किंवा लोकलच्या डब्यात कागद चिकटवू नयेत. मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि कागदावर आपलाच फोन क्रमांक असतो.

फोन आल्यावर

फोन उचलणाऱ्याच्या हाताशी जाहिरातीची प्रत असावी, म्हणजे कॅशवरचा माणूस एक पगार आणि व्यवस्थापक दुसराच पगार सांगत नाही. विचारायचे प्रश्न तीनच: कोठे राहता, कोणत्या पाळीला येऊ शकता आणि कधीपासून. भेटायला आलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून मुलाखत घेण्यापेक्षा मोरी दाखवावी आणि सध्या तेथे काम करणाऱ्याशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. एक पाळी करून पाहायची असल्यास त्या पाळीचे पैसे त्याच दिवशी द्यावेत.

कामावर घेतल्यावर त्याच जाहिरातीच्या एका प्रतीवर तारीख घालून, सही करून ती नेमणूकपत्राला जोडावी आणि वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी. दुसरी प्रत मोरीशेजारच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावावी. जागा भरली की काचेवरचा कागद त्याच दिवशी काढावा आणि अॅपवरील नोंद बंद करावी, कारण त्यानंतरही फोन करणारा माणूस तेवढ्याच आशेने विचारत असतो.